किल्लीवालीची सावली

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज धाकट्याची खोली उघडली. भुंगा आली होती म्हणून उघडावी लागली, नाहीतर अजून तशीच राहिली असती.

ही डायरी ऑफिसातून मिळालेली. मी कधी लिहीत नाही. पण डिसेंबरात माझा भाऊ गेला. साधा ताप म्हणून घरीच होता, मग रुग्णालयात नेले आणि तिथून तो परत आलाच नाही. तेव्हापासून आईसमोर त्याचा विषय काढता येत नाही आणि ऑफिसात काढावासा वाटत नाही. कुठेतरी लिहिलेले बरे.

भुंगा म्हणजे त्याची कामातली जोडीदार. संगणकासमोर बसली की सारखी गुणगुणते, म्हणून त्याने ठेवलेले नाव. आता घरात सगळेच तिला भुंगा म्हणतात आणि तीही ओ देते. दोघे मिळून एक गेम बनवत होते. चित्रे त्याची, बाकी सगळे तिचे. गेममध्ये एका गावातली सगळी घरे कुलूपबंद पडली आहेत आणि एक किल्लीवाली एकेक कुलूप उघडत जाते. मला एवढेच माहीत होते. पूर्ण झाल्याशिवाय काही दाखवायचे नाही हा त्याचा हट्ट.

ती जिना चढत असतानाच आई आतून म्हणाली, "भुंगा आली बघ. दार उघड." आईला आता चेहरे दिसत नाहीत, नुसते आकार दिसतात. माणूस ती चालीवरून ओळखते. भुंगाच्या बाबतीत नुसते ऐकूनही कळते. ती पाय उचलतच नाही.

भुंगाने पाण्याचा ग्लास रिकामा करून खाली ठेवला. मग म्हणाली, "ताई, एप्रिलमध्ये प्रदर्शन आहे. आमचा गेम घेतलाय त्यांनी. सगळं तयार आहे, फक्त सावल्या राहिल्यात."

त्याला प्रत्येक चित्राची सावली हाताने काढायची होती. किल्लीवालीच्या चालण्याची काढून झाली. बाकीचे राहिले.

"मी पायाखाली तयार लंबगोल टाकू शकते," ती म्हणाली. "काळा, अर्धा पारदर्शक. सगळ्या गेममध्ये असतो, कुणी बघतही नाही. पण त्याला तो आवडायचा नाही. म्हणायचा, माणसाच्या खाली तेल गळल्यासारखं दिसतं. आता त्याला विचारता येत नाही, म्हणून तुम्हाला विचारते."

मी म्हटले, आधी मला बघू दे.

त्याच्या खुर्चीत बसले आणि तिने किल्लीवालीला चालवून दाखवले. ठेंगणी बाई, लांब स्वेटर, डाव्या खांद्यावर झोळी. झपाझप चालते. पायाशी सावली, कडा थरथरत्या, जणू शाईची. त्या सावलीकडे मी फार वेळ बघत राहिले. ती त्याने काढली होती आणि ती हलत होती.

"बाकीच्या मी काढू का?" मी विचारले.

"तुम्ही?"

"ड्राफ्ट्समन आहे मी."

"ते इमारतींचं ना?"

"इमारतींनाही सावली असते."

भुंगा हसली. खूप दिवसांनी कुणीतरी या घरात हसले. तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला निघाले. दार ओढून घेतले आणि लागले का ते नेहमीप्रमाणे दोनदा ओढून बघितले. भुंगा दोन पायऱ्या खाली थांबून माझ्याकडे बघत होती. काय झाले विचारले, तर मान हलवून पुढे चालू लागली.

बुधवार, ५ फेब्रुवारी

काम समजून घेतले. पात्राची प्रत्येक हालचाल म्हणजे सुट्या चित्रांची एक माळ. त्या चित्रांना ते स्प्राइट म्हणतात. एकामागून एक दाखवली की पात्र चालते, वाकते, कुलूप उघडते. प्रत्येक चित्राखाली मला त्याची सावली काढायची आहे.

त्याच्या टॅबलेटच्या पेनची निब एका बाजूने झिजून तिरपी झाली आहे. तो पेन आडवा धरायचा. मी उभा धरते. त्यामुळे माझी रेघ घसरते. भुंगा म्हणाली, डबीत नव्या निबा आहेत, बदला. नको म्हटले. हळूहळू मीच पेन आडवा धरायला शिकेन.

रविवार, ९ फेब्रुवारी

किल्ली लावण्याची माळ पूर्ण केली. पद्धतशीर केले. उजेड डाव्या बाजूने, पंचेचाळीस अंश. चित्रातल्या प्रत्येक महत्त्वाच्या बिंदूपासून रेघ टाकून जमिनीवर सावलीचा बिंदू काढला आणि ते बिंदू जोडले. एकही चूक नाही. तपासून बघितले.

उजवा खांदा बोलायला लागला आहे. ड्रॉइंग बोर्डच्या काळापासूनचे हे दुखणे. पण काम चोख झाले आहे. त्याला आवडले असते.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

भुंगाला दाखवले. तिने गेममध्ये घालून चालवले आणि गुणगुणणे थांबवले.

"बोल," मी म्हटले.

"बरोबर आहे, ताई."

"पण?"

"बरोबरच आहे फक्त." मग तिने एका दमात सांगून टाकले. "पायाला काळा पुठ्ठा चिकटवल्यासारखं वाटतंय. तिच्याबरोबर हलतो, पण तिचा वाटत नाही. राग नका मानू."

राग आला. मी तसे दाखवले नाही. चहा केला, तिच्या कपात साखर घालायची विसरले. ती तसाच प्यायली, म्हणजे राग दिसला असावा.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

टॅबलेटला हात लावला नाही. लंबगोल काय वाईट आहे, असे दिवसभर वाटत राहिले. संध्याकाळी पेट्रोल पंपासमोर रस्त्यावर गळलेले तेल दिसले. खरोखर तसाच आकार असतो.

रविवार, १६ फेब्रुवारी

सकाळी आई उठायच्या आधी त्याच्या खोलीत गेले. आज काहीच काढायचे नाही, फक्त त्याची सावली बघायची, असे ठरवले. एकेक चित्र थांबवून बघितले.

त्याची सावली चुकीची आहे. भूमितीने तपासली तर एकही बिंदू जागेवर नाही. झोळीची सावली झोळीपेक्षा मोठी. डोके छोटे. आणि सर्वात विचित्र गोष्ट म्हणजे सावली एक चित्र उशिरा येते. बाई पाय टेकते आणि सावलीचा पाय पुढच्या चित्रात टेकतो. ती थांबते, मग सावली थांबते. जणू घाईघाईत चाललेल्या मोठ्या माणसामागे कुणी लहान मूल धावते आहे आणि मोठे माणूस थांबले की ते धापा टाकत येऊन उभे राहते.

हे कळले तेव्हा मला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावेसे वाटले. आई झोपलेली. सांगायला होते कोण?

तो मला नेहमी चिडवायचा, "ताई, तुझी रेघ बघून पट्टी लाजेल." मला ते कौतुक वाटायचे.

आणखी एक. त्याच्या खुर्चीत बसले की खिडकीतून आपला जिना आणि खालचे फाटक सरळ दिसते. इतकी वर्षे या घरात राहून हे मला माहीत नव्हते. तो असताना मी त्या खुर्चीत कधी बसलेच नव्हते.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आता जमते आहे. जुने सगळे पुसले आणि पट्टी न धरता काढायला लागले. पहिल्या दिवशी हात ऐकत नव्हता, आपोआप सरळ जायचा. मग डोळे चित्रावर आणि हात वेगळा, असे करून बघितले. थरथर आपोआप आली. भुंगाने कुलूप उघडण्याची नवी माळ चालवली आणि खुर्चीत गोल फिरली. "हा! हा पुठ्ठा नाही!" आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय पडलं?"

ऑफिसात मात्र घोटाळा झाला. मोठे साहेब नकाशा घेऊन आले. "बाई, ही पाण्याची टाकी सरळ आहे आणि तिची सावली वाकडी. टाकी पडणार आहे की तुम्हाला सुट्टी हवी आहे?" सगळे हसले. मीही हसले. मग दुरुस्त करून दिली.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

खेळणारा थोडा वेळ काही करत नसेल तर किल्लीवाली उभ्या उभ्या काहीतरी करते. धाकट्याने तिला चष्मा शोधायला लावले आहे. ती स्वेटरचे खिसे चाचपते, झोळीत हात घालते, इकडेतिकडे बघते. चष्मा तिच्या डोक्यावरच असतो. शेवटी हात तिथे जातो आणि ती चष्मा नाकावर उतरवून असे दाखवते की काही झालेच नाही.

ही सावली काढताना मजा आली. सावलीला मी जास्त वेळ शोधायला लावले. बाईला चष्मा सापडतो आणि सावली अजून खिसे चाचपते आहे.

भुंगाला दाखवायचे होते, तर माझाच चष्मा सापडेना. टेबल, पर्स, पलंग, सगळीकडे बघितले. भुंगा पोट धरून हसायला लागली. एवढी की डोळ्यातून पाणी. चष्मा माझ्या डोक्यावर होता. एवढे हसण्यासारखे त्यात काय? कुणाचेही होते.

आणखी एक गंमत त्याने घातली आहे. एखादे घर उघडून झाले की निघताना किल्लीवाली दार ओढून घेते आणि लागले का ते दोनदा ओढून बघते. घरे उघडायला आलेली बाईच दार लागले का बघते! असे बारीकसारीक त्याला कुठून सुचायचे कोण जाणे.

गुरुवार, ६ मार्च

अडचण. मोठी.

आज पहिल्यांदा सगळे एकत्र चालवले. किल्लीवाली उजवीकडे चालली की सावली तिच्या पुढे पडते, कारण उजेड डावीकडून आहे. ती डावीकडे वळली तर सावली मागे पडायला हवी. पण सावली पुन्हा पुढेच. ती वळली की सूर्यही टुणकन उडी मारून दुसऱ्या बाजूला जातो.

भुंगाने समजावले. डावीकडे तोंड केलेली चित्रे वेगळी नसतात. उजवीकडचेच चित्र आरशात बघितल्यासारखे उलटवतात. चित्र उलटते, त्याबरोबर सावलीही.

"सगळे असंच करतात, ताई. मेहनत निम्मी होते. कुणाच्या लक्षात येत नाही."

"माझ्या आलं ना."

"तुम्ही सावल्या काढता म्हणून आलं. खेळणारा कुलूप बघतो."

"सूर्य असा इकडून तिकडे पळतो का कुठे?"

"गेममध्ये बायका दहा फूट उड्याही मारतात!"

"ही मारते?"

"नाही," तिने कबूल केले. "त्याने मारू दिली नाही."

तिचे म्हणणे खोटे नाही. डावीकडच्या सगळ्या नव्याने काढायच्या म्हणजे काम दुप्पट आणि प्रदर्शन पुढच्या महिन्यात. सावल्या वेळेत झाल्या नाहीत तर लंबगोल टाकावा लागेल, सगळ्यांनाच. अर्ध्यांना सावली आणि अर्ध्यांना लंबगोल असे चालत नाही. मग त्याच्या हातची चालण्याची सावलीही निघेल.

ते मला चालणार नाही.

शनिवार, ८ मार्च

भुंगा सकाळीच आली. चेहऱ्यावरून दिसत होते की झोप झालेली नाही.

"एक सांगायचं राहिलं होतं," ती म्हणाली. "डावीकडची चित्रं आहेत."

"म्हणजे?"

"त्याने काढली होती. किल्लीवालीची सगळी. सावली नाही, पण बाई आहे. मीच वापरली नाहीत. म्हटलं, कशाला दुप्पट, मी उलटवते. त्यावरून आम्ही कडाक्याचं भांडलो."

तिने उघडून दाखवली. शेजारी शेजारी ठेवली तेव्हा फरक कळला. चित्र उलटवले की झोळी उजव्या खांद्यावर जाते. त्याच्या चित्रांत किल्लीवाली कुठेही तोंड करो, झोळी डाव्याच खांद्यावर आहे.

"मी त्याला म्हटलं, झोळी कुठल्या खांद्यावर आहे याने कुणाला काय फरक पडतो? तर म्हणाला, तिचा उजवा खांदा दुखतो. मी म्हटलं, कुणाचा? गेममधल्या बाईचा? तर म्हणाला, हो. आणि फुगून बसला."

भुंगा बोलता बोलता थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी खांदा चोळत होते, रात्री चुकीच्या कुशीवर झोपले होते. "शेकायची पिशवी देऊ का?" तिने विचारले. नको म्हटले, काम दाखव.

मला त्याचा इतका अभिमान वाटला की काय लिहावे. एका काल्पनिक बाईचा खांदा दुखतो म्हणून हा मुलगा सगळी चित्रे दुसऱ्यांदा काढतो! आम्ही ऑफिसात खरी माणसे राहणार त्या घरांचे जिने काढतो, आणि तिथे कुणाचा गुडघा दुखेल याचा कोणी विचार करत नाही.

मी म्हटले, "हीच चित्रं वापरायची. सावल्या मी काढते."

"ताई, मला माझं अर्धं काम उलगडावं लागेल."

"उलगड."

"वेळेत नाही झालं तर?"

"होईल."

"तुम्ही पण ना अगदी त्याच्यासारख्या," ती चिडून म्हणाली. नंतर दिवसभर मला ते वाक्य आठवत राहिले. छान वाटले.

शनिवार, १५ मार्च

रोज सकाळी ऑफिसच्या आधी आणि संध्याकाळी जेवणापर्यंत. साहेबांकडून थोडी रजाही घेतली. आई आता खोलीच्या दारात स्टूल टाकून बसते. आत येत नाही. विचारत काही नाही. पण पेनचा आवाज थांबला की म्हणते, "झालं का?"

आज त्याची निब संपली. रेघच उमटेना. नवी घातली. जुनी काडेपेटीत कापसावर ठेवली आणि काडेपेटी माझ्या पर्समध्ये. नव्या निबेनेही पेन आडवाच धरला जातो आता. सवय झाली.

सोमवार, २४ मार्च

शेवटची माळ उरली होती, तीच अवघड. गेमच्या शेवटी सगळी घरे उघडून झाल्यावर किल्लीवाली शेवटच्या घराच्या पायरीवर बसते. बसण्याची चित्रे त्याने काढलेली आहेत, दोन्ही बाजूंची. पण बसताना सावली कशी बसेल हे मला कागदावर कळेना. उभे माणूस सोपे असते. बसणाऱ्या माणसाची सावली आधी पायरीवरून मोडते, मग घडी होत जाते.

भुंगा म्हणाली, "गच्चीवर चला. तुम्ही बसा, मी मोबाइलवर घेते. चित्रकार असंच करतात."

"मी कशाला? तू बस, मी घेते."

"नको. तुम्हीच बसा."

गच्चीत टाकीजवळ पायरी आहे. सकाळचे ऊन तिरपे होते. चालत आले आणि बसले. ऑफिसला जायच्या वेशातच होते, पर्ससकट. भुंगा मोबाइल धरून नुसती उभी. "आलं का नीट?" विचारले तर म्हणाली, "परत एकदा." परत बसले.

खाली येऊन ते चित्रण आणि धाकट्याची चित्रे शेजारी लावली. नवल म्हणजे जवळजवळ जुळतात. बसण्याआधी ती डावा हात भिंतीला लावते, मीही लावला. ती झोळी मांडीवर न ठेवता शेजारी ठेवते आणि तिचा पट्टा मनगटाला गुंडाळते, माझ्या पर्सचा पट्टाही मी तसाच गुंडाळला होता. आणि बसल्यावर ती एकच चप्पल काढते, उजवी. मीही तीच काढली होती. माझ्या घोट्याला तो पट्टा लागतो म्हणून.

बहुधा आमच्या वयाच्या बायका अशाच बसतात. पण त्याने केवढे नीट बघून ठेवले होते! चित्रकाराचा डोळा म्हणतात तो हाच.

मी हे बोलले आणि भुंगा रडायला लागली. तो गेल्यापासून ती माझ्यासमोर रडली नव्हती. तिच्यासाठी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले आणि तिथेच बराच वेळ थांबले. आईने माझ्याकडे तोंड न वळवता विचारले, "दोघी रडताय का एकच?" मी म्हटले, "दोघी." आई म्हणाली, "बरं झालं."

गुरुवार, ३ एप्रिल

झाले.

शेवटची सावली काढली. बाई बसते, झोळी ठेवते, चप्पल काढते. सावली अजून उभीच असते. मग ती येते, बसते आणि बाईच्या पायाशी टेकते. त्याची पद्धत एक चित्र उशिराची. इथे मी दोन चित्रे उशिरा बसवली. एवढी सूट मी घेतली. तो असता तर भांडला असता, मग म्हणाला असता, राहू दे.

खोटे कशाला लिहू, चांगली झाली आहे. त्याने काढलेली कुठली आणि मी काढलेली कुठली हे भुंगालाही सांगता आले नाही. मी तिची परीक्षा घेतली. ती दोनदा चुकली आणि दोन्ही वेळा मला आनंद झाला.

नावांच्या पाटीत काय लिहायचे यावर वाद. मी म्हटले, सावल्यांपुढे त्याचेच नाव लिही. भुंगा म्हणाली, "तो वरून येऊन माझी मान पकडेल." शेवटी 'सावल्या: ताई आणि धाकटा' असे ठरले. माझे नाव आधी का? तर म्हणे, वयाने मोठ्या आहात, पहिला मान तुमचा.

शनिवार, १२ एप्रिल

प्रदर्शन. मोठा हॉल, टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलावर एक गेम. आमचा कोपऱ्यात, पण मागच्या भिंतीवर पडदा मिळाला होता, त्यामुळे किल्लीवाली माणसाएवढी दिसत होती. आईला आणले होते. यायला तयार नव्हती. "मला काय दिसणार आहे तिथे?" म्हणत होती. पडद्यापासून थोड्या अंतरावर तिला खुर्ची दिली.

लोक येत होते, खेळत होते, जात होते. बरेचसे कुलूपच बघत होते, भुंगा म्हणाली होती तसे. मग एक दाढीवाले गृहस्थ आले. गळ्यातल्या बिल्ल्यावरून कळले की ते स्वतः गेमची चित्रे करतात. त्यांनी खेळायला घेतले आणि पुढे जाईनातच. किल्लीवालीला उजवीकडे न्यायचे, थांबवायचे, डावीकडे न्यायचे, थांबवायचे. मागे लोक खोळंबले. भुंगाने मला कोपराने ढोसले. "ताई, हा सावलीशी खेळतोय."

त्यांनी वळून विचारले, "हे उलटवलेलं नाही?"

"नाही," मी म्हटले.

"सगळं दोनदा काढलंय?"

"हो."

"कुणी?"

"माझ्या भावाने."

"आणि यांनी," भुंगा मागून ओरडली, जवळजवळ अर्ध्या हॉलला ऐकू जाईल असे. त्या गृहस्थांनी उठून माझा हात हातात घेतला. मग ते पुन्हा बसले आणि किल्लीवालीला शेवटपर्यंत नेले. ती पायरीवर बसली, सावली येऊन टेकली, तेव्हा मागचे खोळंबलेले लोकही पुढे सरकून बघत होते. इतका अभिमान मला माझ्या कुठल्याच कामाचा वाटला नव्हता, आणि त्याचा तर किती वाटला ते इथे मावणार नाही.

पुढच्या माणसाने पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. किल्लीवाली झपाझप चालू लागली. मी आईच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. आई पडद्याकडे बघत होती. एकदम मोठ्याने म्हणाली, "अगं, एवढ्या घाईने कुठे निघालीस? मला इथे बसवून?"

"आई, मी इथेच आहे. मागे."

तिने खांद्यावरचा माझा हात चाचपला. मग पुन्हा पडद्याकडे बघितले. किल्लीवाली एका दारापाशी थांबली, दार ओढून घेतले, दोनदा ओढून बघितले. आई हसायला लागली. तो गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता तिने डोळे पुसले आणि माझा हात काही सोडला नाही. हॉल बंद होईपर्यंत ती तिथून हलली नाही. तिला बिचारीला आकारच तेवढे दिसतात, त्यामुळे गोंधळ झाला असेल.

परत येताना टॅक्सीत त्याचा विषय आईने स्वतःहून काढला.

"रोज सकाळी तू निघालीस की तो खिडकीशी जाऊन बसायचा," ती म्हणाली. "तू फाटकाबाहेर जाईपर्यंत. मी म्हणायची, अरे, काय बघतोस? तर म्हणायचा, काम करतोय. मला वाटायचं, आळशी कुठला."

मंगळवार, १५ एप्रिल

ऑफिसला निघाले. दार ओढून घेतले. एकदा ओढून बघितले. दुसऱ्यांदा ओढायला हात गेला आणि तिथेच थांबला.

किती वेळ तशी उभी होते कळले नाही. आतून आईने विचारले, "गेली नाहीस?"

"निघाले," म्हटले. आणि दुसऱ्यांदा ओढून बघितले.

जिना उतरून फाटकापाशी आले. मागे वळून खिडकीकडे बघितले. मग पर्स डाव्या खांद्यावर नीट केली आणि चालू लागले, नेहमीपेक्षा जरा हळू. ऊन समोरून होते, सावली मागे. कोपऱ्यावर थांबले तेव्हा सहज वळून बघितले. ती एक क्षण उशिरा येऊन थांबली, असे मला वाटले. भूमितीत ते बसत नाही. पण मी बघितले.